‘पेगन’ कोण? — एका नाटकाच्या निमित्ताने

नाटककार टॉम स्टॉपर्ड २९ नोव्हेंबर २०२५ रोजी निवर्तले. इंग्रजी रंगभूमीवरील या मोठ्या नावाशी भारताचाही थोडा ऋणानुबंध आहे. १९३७ साली चेकोस्लोव्हाकियातील झ्लिन या गावी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील तेथील बाटा कंपनीचे डॉक्टर. नाझी सैन्याच्या भयाने कुटुंब सिंगापूरला गेले, जपानी स्वारीत वडील दगावले, आणि आई दोन मुलांना घेऊन हिंदुस्थानात आली. दार्जिलिंगला बाटाच्याच दुकानात तिने काम पाहिले. म्हणजे या लेखकाचे पहिले इंग्रजी शिक्षण हिमालयाच्या कुशीत झाले. पुढे आईने एका इंग्रज अधिकाऱ्याशी विवाह केला आणि तोमाश स्ट्राउस्लरचा टॉम स्टॉपर्ड झाला.

त्यांच्या ‘रॉक अँड रोल’ या नाटकाचा आम्हांस येथे विचार करावयाचा आहे. जून २००६ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात ते प्रथम रंगमंचावर आले. ते वाक्लाव हावेल यांना अर्पण केलेले आहे. आम्ही ते पाहिलेले नाही, केवळ वाचले आहे, हे आरंभीच सांगणे उचित. नाटक वाचून त्यावर मत देण्यात जो उणेपणा असतो, तो वाचकांनी गृहीत धरावा.

कथानक थोडक्यात असे : यान हा चेक तरुण केंब्रिज येथे संशोधन करीत आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरतात आणि तो मायदेशी परततो. सामानात त्याने मुख्यतः रॉक संगीताच्या तबकड्या नेलेल्या असतात. केंब्रिजमधील त्याचे प्राध्यापक मॅक्स हे कडवे, अढळ कम्युनिस्ट. त्यांची पत्नी ग्रीक काव्याची अभ्यासक असून कर्करोगाशी झगडते आहे. वीस-बावीस वर्षे नाटक केंब्रिज आणि प्राग यांच्यामध्ये हेलकावे खाते. गुप्त पोलीस यानच्या तबकड्या फोडून टाकतात. अखेरीस राजवट कोसळते आणि ऑगस्ट १९९० मध्ये प्रागच्या स्ट्राहोव्ह मैदानावर रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या जाहीर कार्यक्रमात नाटक संपते. दोन दृश्यांमध्ये अंधार होतो आणि त्या त्या वर्षाचे रॉक गीत कानठळ्या बसतील असे वाजते. ही योजना अभिनव आहे. संगीत येथे पार्श्वभूमीला बसत नाही, ते पात्रांच्या बरोबरीने येते.

या नाटकात एक वाद्यवृंद सतत बोलण्यात असतो, त्याचे नाव ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’. हा काल्पनिक नाही. रणगाडे आल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत मिलान ह्लावसा या सतरा वर्षांच्या मुलाने तो स्थापन केला. नाव अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपा याच्या एका गीतावरून घेतले. यान या वाद्यवृंदाचा निस्सीम भक्त आहे. पहिल्या अंकात तो आपल्या मित्राला जे सांगतो ते या नाटकाचे मर्मस्थान मानले जाते. त्याचा आशय असा, की सरकारला विरोधक मनातून हवेच असतात, जसे इन्क्विझिशनला पाखंडी हवे होते. पाखंड्याला त्याच ग्रंथाची, त्याच सिद्धांताची चिंता असते आणि त्याच्यामुळे धर्मरक्षकाच्या अस्तित्वाला अर्थ येतो. परंतु या वादकांना कशाचीच फिकीर नाही. ते कोणा दुसऱ्याच प्रदेशातून आलेले आहेत. त्यांना विकत घेता येत नाही. म्हणून ते पाखंडी नव्हेत, ‘पेगन’ आहेत.

या शब्दाचे भाषांतर करण्याचे आम्ही टाळले आहे. आमच्या जुन्या धर्मपुस्तकांतून त्यासाठी ‘मूर्तिपूजक’ असा शब्द येई. ज्या भूमीत आपण राहतो तेथे तो शब्द शेजाऱ्याच्या घरावर दगड मारल्यासारखा वाटतो, आणि तो थांबला हे बरेच झाले. शिवाय स्टॉपर्ड यांना पूजा अभिप्रेतच नाही. त्यांना सिद्धांतापूर्वीचा, बासरी वाजवीत रानात हिंडणारा पॅन अभिप्रेत आहे. नाटकाच्या पहिल्याच दृश्यात बागेच्या भिंतीवर बसून गाणारा एक वेणुवादक येतो. पुढे सॅफो या ग्रीक कवयित्रीच्या ओळींचा अर्थ लावला जातो. तेव्हा ‘पेगन’ हे यान या एका पात्राचे मत आहे एवढे म्हणून लेखकाला सोडून देता येत नाही. संपूर्ण नाटकाची उभारणी त्या शब्दावर आहे.

आमचा आक्षेप येथे आहे. कल्पना अत्यंत देखणी असली तरी ज्या माणसांविषयी ती मांडली त्यांच्या चरित्राशी ती जुळत नाही.

तिच्यात अर्धे सत्य आहे ते आधी मान्य करू. ह्लावसा आणि त्याचे सोबती राज्य उलथवण्यास निघाले नव्हते. त्यांना आपल्या आवडीचे संगीत वाजवावयाचे होते. गुस्ताव्ह हुसाक यांच्या हाती एप्रिल १९६९ मध्ये पक्षाची सूत्रे आली आणि ‘सामान्यीकरण’ या गोंडस नावाचा कालखंड सुरू झाला. व्यवसाय म्हणून वादन करावयाचे तर सरकारी परीक्षा, सरकारी परवाना. केस कापा, इंग्रजी गीते व नावे टाका, मग वाजवा. प्लास्टिक पीपलने हे नाकारले आणि १९७० मध्ये त्यांचा परवाना गेला. वाद्ये सरकारी होती, तीही गेली. मग जुन्या रेडिओंचे सुटे भाग जोडून त्यांनी आपले ध्वनिवर्धक स्वतः तयार केले. १९७२ पासून प्रागमध्ये वाजविणेही अशक्य झाले. पुढे खेड्यांतील खानावळी, धान्याची कोठारे, लग्नाचे मांडव हीच त्यांची रंगभूमी झाली. कार्यक्रमाची जागा तोंडी कळविली जाई आणि पोरे आगगाडीतून उतरून बर्फातून चालत तेथे पोहोचत. मार्च १९७४ मध्ये चेस्के बुद्येयोव्हित्से या शहराजवळ अशा जमलेल्या शेकडो तरुणांना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपून काढले. वाद्यवृंदाला वाद्यास हातही लावता आला नव्हता. या सर्व प्रकरणास ‘तरुणांचे बंड’ असे नाव देण्याची रीत पडली आहे. बंड हा शब्द प्रथम पोलिसांच्या दप्तरात लिहिला गेला, हे त्यात विसरले जाते.

परवान्याची ही गोष्ट वाचताना कोणाही धर्मगुरूला दुसरी एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. त्या देशात १९४९ च्या कायद्यापासून धर्मगुरूसही सरकारी संमतिपत्र लागे. ते काढून घेतले की मिस्सा अर्पण करणे हा गुन्हा. फादर वाक्लाव माली यांचे संमतिपत्र १९७९ मध्ये गेले आणि ते बॉयलरमध्ये कोळसा घालण्याच्या कामावर राहिले. हेच माली नोव्हेंबर १९८९ मध्ये लेत्ना मैदानावरील लाखोंच्या सभांचे सूत्रसंचालन करताना जगाने पाहिले आणि १९९७ मध्ये ते प्रागचे साहाय्यक बिशप झाले. वेदी आणि गिटार या दोहोंना एकाच खिडकीवर परवाना मागावा लागत होता. जो परवाना नाकारतो त्याला ‘फिकीर नाही’ असे म्हणणे आम्हांस पटत नाही. त्याला एखाद्या गोष्टीची फार खोल फिकीर असते, म्हणूनच तो कागदावर सही करीत नाही.

आता खटल्याकडे येऊ. मार्च १९७६ मध्ये धरपकड झाली आणि सप्टेंबर १९७६ मध्ये प्रागच्या न्यायालयात चौघे उभे राहिले. आरोप राजद्रोहाचा नव्हे, सार्वजनिक दंगामस्तीचा. गीतांतील अश्लील शब्द हा पुरावा. शिक्षा झाल्या त्या अशा : इव्हान यिरोउस अठरा महिने, पावेल झायीचेक बारा महिने, स्वातोप्लुक कारासेक व व्रातिस्लाव ब्राबेनेत्स प्रत्येकी आठ महिने. नाटकाचा वाचक ही नावे सहज ओलांडून जातो. आम्ही त्यांपाशी थोडे थांबू इच्छितो.

कारासेक हे प्रोटेस्टंट पाळक होते. सरकारने त्यांचेही संमतिपत्र काढून घेतले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांच्या वंशजांची भक्तिगीते चेक शब्दांत बांधून ते गिटारवर गात. सैतानाला नकार द्या, असे सांगणारे त्यांचे गीत प्रसिद्ध आहे, आणि त्या देशात १९७६ साली सैतान म्हणजे कोण, हे श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नव्हते. ब्राबेनेत्स सॅक्सोफोन वाजवीत, पोटासाठी माळीकाम करीत, आणि धर्मशास्त्राचा अभ्यास त्यांनी केलेला होता. यिरोउस कलेतिहासाचे पदवीधर. त्यांना ‘मागोर’ म्हणजे वेडपट असे टोपणनाव होते आणि तेच त्यांनी कवी म्हणून मिरविले. ते कॅथोलिक होते. मद्यपी, भांडखोर, तोंडाने शिवराळ, आणि कॅथोलिक. आयुष्याची साडेआठ वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. त्यांतील १९८१ ते १९८५ या काळाचा मोठा भाग वाल्दित्से येथे गेला. तो तुरुंग पूर्वी कार्थुशियन संन्याशांचा मठ होता. त्या जागी त्यांनी रचलेल्या कविता लपवून बाहेर आणल्या गेल्या. त्यांत प्रार्थना आहेत आणि शिव्याही आहेत, कित्येकदा एकाच कवितेत. सॅफो आणि पॅन यांच्या चौकटीत ही तीन माणसे कोठे बसवावयाची?

अश्लीलतेचा प्रश्न आम्ही टाळीत नाही. प्लास्टिक पीपलची अनेक गीते आम्ही आमच्या पॅरिशच्या सभागृहात वाजू देणार नाही. शब्दांखेरीज त्यांचे संगीतही कानाला गोड नाही. बेस गिटारची एकच आकृती पुन्हा पुन्हा येते, व्हायोला करवतीसारखा चिरत जातो, सॅक्सोफोन मध्येच किंचाळतो. परंतु असभ्य शब्दाबद्दल कान पिळणे हे आईचे, शिक्षकाचे, फार तर धर्मगुरूचे काम. आठ महिने तुरुंग ही त्याची किंमत ठरविणारे न्यायालय शब्दाची शुचिता राखीत नव्हते. जे न्यायाधीश शेजारच्या खोल्यांतील मारहाणीबद्दल मौन राखतात त्यांना एका ओव्यासदृश गाण्यातील शिवी एकाएकी असह्य व्हावी, यातच सर्व आले. हावेल त्या खटल्यास हजर होते. त्यावर त्यांनी ‘खटला’ या नावाचा जो छोटा निबंध लिहिला तो आमच्या मते स्टॉपर्ड यांच्या संपूर्ण दुसऱ्या अंकाहून अधिक नाट्यपूर्ण आहे. न्यायालयाच्या दिवाणखानी पायऱ्या, कंटाळलेले अधिकारी, आणि आरोपी तेवढे स्वस्थचित्त. निबंधाच्या अखेरीस रस्त्यात एक नामांकित चित्रपट दिग्दर्शक भेटतो. हावेल त्याला खटल्याचे सांगतात. तो थोडी चौकशी करतो आणि मग, बाकी काय चालले आहे, असे विचारून विषय बदलतो. त्या एका प्रश्नात सुखवस्तू सुशिक्षित समाजाचे चित्र पुरे होते.

या खटल्यातून सनद ७७ जन्मास आली हे सर्वश्रुत आहे. १ जानेवारी १९७७ ही तारीख घातलेल्या त्या निवेदनावर आरंभी दोनशे चाळीसच्या आसपास सह्या होत्या. तत्त्वज्ञ यान पातोच्का हे तिच्या तीन प्रवक्त्यांपैकी एक. पोलिसांच्या दीर्घ चौकशांनंतर त्याच वर्षी १३ मार्च रोजी त्यांचे निधन झाले. वयाची सत्तरी आलेला हा तत्त्वज्ञ लांब केसांच्या पोरांसाठी उभा राहिला. हावेल यांनी १९७८ मधील ‘सत्ताहीनांची सत्ता’ हा प्रबंध त्यांच्याच स्मृतीस वाहिला, आणि त्यात सांगितले की, या वादकांवरील हल्ला हा सत्यात जगण्याच्या साध्या इच्छेवरील हल्ला होता. ‘सत्यात जगणे’ हा शब्दप्रयोग पेगन कुळातला खचितच नाही.

पण आमच्या आक्षेपाचा खरा आधार पुढेच आहे. शिक्षा भोगून बाहेर आल्यावर या मंडळींनी काय केले? एप्रिल १९७८ मध्ये ते उत्तर बोहेमियातील ह्राडेचेक येथे, हावेल यांच्या शेतघरी जमले आणि त्यांनी प्रभूच्या दुःखसहनावरील एक दीर्घ रचना सादर करून ध्वनिमुद्रित केली. तिचे नाव ‘पाशिओव्हे ह्री व्हेलिकोनोच्नी’, म्हणजे ईस्टरचे दुःखसहननाट्य. शब्दसंहिता बायबलच्या आधारे ब्राबेनेत्स यांनी सिद्ध केली, संगीत ह्लावसा यांचे. पूर्वी या वाद्यवृंदात गायलेले व १९७७ मध्ये देशाबाहेर घालविलेले कॅनेडियन गृहस्थ पॉल विल्सन यांनी १९८० मध्ये कॅनडात तिची तबकडी काढली. विल्सन हे पुढे हावेल यांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून ख्यातनाम झाले.

ही रचना आम्ही प्रायश्चित्तकाळात ऐकली, एकदा नव्हे, तीन वेळा. पहिल्यांदा अर्ध्यावर बंद केली. आपल्या कानांना दुःखसहनाच्या संगीताची एक सवय आहे. पॅरिशमध्ये गुड फ्रायडेला आपण जे गातो त्यात शोक असतो, पण तो शोक सुरात असतो आणि त्याला पुनरुत्थानाची खात्री असते. येथे तसली खात्री नाही. तोच बेसचा ठेका, लितानीसारखा, थांबायचे नाव नाही. त्यावर आवाज येतो तो कथा सांगणाऱ्याचा नसून साक्षीदाराचा वाटतो. पिलाताच्या अंगणातील जमाव ऐकताना लक्षात येते, की या वादकांनी न्यायालय प्रत्यक्ष पाहिले आहे, खोटे साक्षीदार पाहिले आहेत, हात धुणारे अधिकारीही पाहिले आहेत. कला म्हणून तिच्यात दोष आहेत. मध्यभाग सैल आहे, काही ठिकाणी गोंगाट केवळ गोंगाटच राहतो, आणि शेतघरातील साध्या यंत्रांवरचे मुद्रण धूसर आहे. तरीही गेल्या शतकात दुःखसहनावर झालेल्या संगीतरचनांमध्ये आम्ही तिला जागा देऊ. येशूवरील खटला हा सार्वजनिक शांतताभंगाचाच खटला होता, ही गोष्ट आमच्या प्रवचनांनी गुळगुळीत करून टाकली होती. त्या सॅक्सोफोनने ती पुन्हा खरखरीत केली.

येथे एक मोह आवरला पाहिजे. या तरुणांना पकडून, पाहा हे सारे आमचेच, असा त्यांचा परस्पर बाप्तिस्मा उरकण्याचा तो मोह. वाद्यवृंदात सर्व श्रद्धावंत होते असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या कविता त्यांनी सर्वाधिक गायल्या ते एगॉन बाँडी तर स्वतंत्र बुद्धीचे मार्क्सवादी. आणि बाँडी यांच्यापाशी ‘त्यांना विकत घेता येत नाही’ हे यानचे वाक्य अडखळते. राजवट गेल्यानंतर गुप्त पोलिसांचे दप्तर उघडले तेव्हा बाँडी त्यांना माहिती पुरवीत असत, हे उघडकीस आले. नाटक लिहिले गेले २००६ साली, तेव्हा ही गोष्ट जगजाहीर होती. पेगनांच्या निरागस रानात हा साप होता, आणि स्टॉपर्ड यांनी त्याच्याभोवती नाटक उभारले नाही, याची आम्हांस खंत वाटते. त्यांच्यासारख्या लेखकाला तेथे एक संपूर्ण अंक सापडला असता. शिष्यांतच यहूदा असतो, हे दुःखसहन गाणाऱ्यांना निराळे सांगण्याची गरज पडली नसावी.

आणि चर्च? तो हिशेबही मांडावा लागेल. १९७१ मध्ये स्थापन झालेली धर्मगुरूंची सरकारधार्जिणी संघटना पोप तेविसावे जॉन यांच्या ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रकाचे नाव लावून वावरत होती. रोमने १९८२ मध्ये अशा राजकीय संघटनांना मनाई केली, तोवर तिचे पुष्कळ फावले. सनद ७७ प्रसिद्ध झाली तेव्हा कार्डिनल तोमाशेक यांनी तिच्यापासून जाहीरपणे अंतर राखले. हे वृद्ध कार्डिनल पुढील दशकात दरवर्षी अधिक निर्भय होत गेले आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये ते निःसंदिग्धपणे जनतेच्या बाजूने बोलले, हे त्यांच्या नावे जमा केलेच पाहिजे. योसेफ झ्वेर्शिना यांच्यासारख्या धर्मपंडितांनी सनदेवर सही केली, तेही जमा. पण १९७८ च्या त्या वसंतात बोहेमियात प्रभूचे दुःखसहन परवानाधारक किती व्यासपीठांवरून अशा धारदारपणे वाचले गेले असेल, असा प्रश्न मनात येतो आणि उत्तर शोधण्याचे धैर्य होत नाही.

‘पेगन’ या शब्दाने स्टॉपर्ड यांनी आम्हां धर्मगुरूंना एक प्रकारे सूटच दिली आहे. ते रानातले असतील तर त्यांचा आमच्याशी संबंध नाही, त्यांच्या वाट्यास काय आले याचा जाबही आम्हांस कोणी विचारणार नाही. कारासेक १९८० मध्ये स्वित्झर्लंडला गेले, ब्राबेनेत्स १९८२ मध्ये कॅनडास. दोघांवरही देश सोडण्यासाठी पोलिसांचा दबाव होता. जे परत आले ते राजवट पडल्यावर. यिरोउस राहिले. ते ९ नोव्हेंबर २०११ रोजी गेले आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, १८ डिसेंबर रोजी, हावेल गेले.

हे सर्व असूनही नाटक वाचावे असे आम्ही आग्रहाने सांगू. मॅक्सची व्यक्तिरेखा बहुमोल आहे. चूक ठरलेल्या श्रद्धेला प्रामाणिकपणे धरून बसलेला माणूस इतक्या सहानुभूतीने रंगविणे सोपे नसते. त्याच्या पत्नीचा, आपले शरीर म्हणजे आपण नव्हे, हा आक्रोश तर कोणत्याही धर्मशास्त्राच्या वर्गात वाचून दाखवावा असा आहे. शेवट मात्र आम्हांस हलका वाटला. ज्या संगीतासाठी लोक तुरुंगात गेले त्या कथेची सांगता एका श्रीमंत परदेशी वाद्यवृंदाच्या भव्य मैदानी कार्यक्रमाने व्हावी, हे ऐतिहासिकदृष्ट्या खरे असेल, पण तो आनंद तिकिटाचा आहे.

हे नाटक मराठीत आणण्याचे कोणी मनावर घेतल्यास एक सूचना करावीशी वाटते. दृश्यांच्या मधल्या अंधारात लेखकाने जी गीते योजिली आहेत त्यांतील एका जागी, सनद ७७ नंतरच्या प्रवेशापूर्वी, ह्राडेचेकच्या त्या मुद्रणातील दोन मिनिटे वाजवून पाहावीत. वारसांची परवानगी अर्थात घ्यावी लागेल.